बीपीची गोळी आणि न हटणारा कोरडा खोकला: काय तपासायचं, डॉक्टरांना काय विचारायचं

औषधाच्या दुकानात एक बिल पुन्हा पुन्हा बनतं. वरच्या ओळीत महिनाभराच्या रामिप्रिलच्या गोळ्या, खालच्या ओळीत खोकल्याची बाटली. पुढच्या महिन्यात तेच बिल, फक्त बाटलीचं नाव बदललेलं. मधल्या काळात त्या माणसाचा छातीचा एक्स-रे झालेला असतो, अँटिबायोटिकचा एखादा कोर्स झालेला असतो, ॲलर्जीची गोळी घेऊन दिवसभर पेंगून झालेलं असतं. घरात कोणी पंख्याला, कोणी ताकाला, कोणी शेजारच्या बांधकामाच्या धुळीला दोष देऊन मोकळं झालेलं असतं. वरच्या ओळीचा खालच्या ओळीशी काही संबंध असेल, हे मात्र कोणाच्या डोक्यात आलेलं नसतं.

मी काउंटरमागे उभा राहणारा माणूस, डॉक्टर नव्हे. त्यामुळे अमुक गोळी सोडा, तमुक घ्या असं इथे सांगणार नाही. आपला खोकला गोळीचा असू शकतो का हे कसं पाहायचं, डॉक्टरांपुढे ते कसं मांडायचं, गोळी बदलल्यावर किती दिवस थांबायचं, आणि या गडबडीत टीबी किंवा हृदयाचं दुखणं नजरेतून कसं सुटू द्यायचं नाही, एवढंच सांगतो. बऱ्याच जणांचं काम एका चिठ्ठीत होण्यासारखं असतं. बाटल्यांवर मात्र वर्षं निघून जातात.

आधी स्ट्रिप उलटी करा

मोठ्या अक्षरातलं नाव कंपनीने ठेवलेलं असतं. ते सोडा आणि मागच्या बारीक अक्षरांत औषधाचं मूळ नाव शोधा. चष्मा लावूनही दिसत नसेल तर मोबाइलने फोटो काढून मोठा करा. त्या नावाच्या शेवटी ‘प्रिल’ असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. रामिप्रिल, एनालाप्रिल, लिसिनोप्रिल, पेरिंडोप्रिल ही आपल्याकडे जास्त चालणारी नावं. कार्डेस म्हणजे रामिप्रिल, एनव्हास म्हणजे एनालाप्रिल, लिस्ट्रिल म्हणजे लिसिनोप्रिल, कव्हरसिल म्हणजे पेरिंडोप्रिल. जनऔषधी केंद्रातून घेत असाल तर काम सोपं, कारण तिथे मूळ नावच ठळक छापलेलं असतं.

फसगत होते ती जोडगोळ्यांत. एका गोळीत दोन औषधं असतात आणि घरात तिला ‘ती ॲम्लोवाली’ म्हणून ओळखतात. ॲम्लोपिन-ॲम्लोपिन करत बसलेल्या माणसाच्या गोळीत प्रत्यक्षात ॲम्लोडिपिनच्या शेजारी लिसिनोप्रिल बसलेलं असतं. ब्रँडच्या नावापुढे ‘एच’, ‘एएम’, ‘एल’, ‘प्लस’ अशी शेपटी दिसली की मागचा मजकूर पुरता वाचा.

दुसरी एक अडचण अशी की ही गोळी फक्त बीपीसाठी देत नाहीत. हार्ट अटॅकनंतर, हृदयाचं पंपिंग कमी झाल्यावर, किंवा मधुमेहात लघवीतून प्रथिनं जाऊ लागल्यावरही ‘प्रिल’ देतात. त्यामुळे “मला बीपी नाहीच, माझा काय संबंध” असं म्हणणाऱ्याच्या डब्यातही ती सापडते.

नावाच्या शेवटी ‘सार्टन’ असेल, म्हणजे टेल्मिसार्टन, लोसार्टन, ओल्मेसार्टन वगैरे, तर तो गट वेगळा. त्याने हा खोकला सहसा होत नाही. ‘डिपिन’ गटाने, म्हणजे ॲम्लोडिपिन, सिल्निडिपिन यांनी, थेट खोकला येत नाही. ॲम्लोडिपिनने काहींचं ॲसिड वर यायला लागतं आणि त्यातून खोकला लागतो, ती वाट निराळी. ‘लोल’ गटाचं, म्हणजे ॲटेनोलोल, मेटोप्रोलोल, प्रोप्रॅनोलोल यांचं प्रकरण मात्र ध्यानात ठेवा. दम्याच्या माणसाची श्वासनलिका त्यांनी आवळू शकते, मग खोकल्याबरोबर छातीत घरघर येते. काचबिंदूसाठी डोळ्यांत टाकायचे टिमोलोलचे थेंबही याच जातीचे. थेंब तर डोळ्यांत टाकतो, छातीला काय होणार, असं वाटून लोक डॉक्टरांना त्यांच्याबद्दल सांगतच नाहीत.

हा खोकला होतो कशाने

हे कळलं की बाटलीने फरक का पडत नाही तेही कळतं, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. आपल्या शरीरात, विशेषतः फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरात, एसीई नावाचं एक विकर असतं. ते दोन कामं करतं. एक, रक्तवाहिन्या आवळणारं अँजिओटेन्सिन-२ तयार करतं, त्याने बीपी चढतं. दोन, ब्रॅडिकायनिन नावाच्या द्रव्याचा निकाल लावतं. ‘प्रिल’ गटाची गोळी हे विकरच रोखते. पहिलं काम थांबलं की बीपी उतरतं, आणि गोळी त्यासाठीच असते. पण दुसरंही काम थांबतं. ब्रॅडिकायनिन आणि त्याच्यासारखंच ‘सबस्टन्स पी’ श्वासनलिकेत साठत जातं आणि तिथल्या मज्जातंतूंची टोकं हळवी होतात. मग गार वारा, फोडणीचा धूर, उदबत्ती, फोनवर दोन मिनिटं बोलणं, एवढंही ढास लागायला पुरतं.

घशात जंतू नाहीत, छातीत कफ नाही. मग अँटिबायोटिक मारणार कशाला आणि कफ पातळ करणारं औषध पातळ करणार काय? बाटलीतल्या गुंगीच्या औषधाने रात्र कशीबशी निघते आणि सकाळी पुन्हा सुरू.

या औषधाचं मूळ सापाच्या विषात आहे. ब्राझीलमध्ये जराराका नावाचा विषारी साप आहे. त्याच्या विषात ब्रॅडिकायनिनचा परिणाम वाढवणारं काहीतरी आहे, हे ब्राझीलच्या सर्जिओ फेरेरा यांनी १९६५ साली मांडलं. त्या धाग्यावरून पुढे अमेरिकेत स्क्विब कंपनीतल्या कुशमन आणि ओंडेट्टी यांनी कॅप्टोप्रिल बनवलं आणि १९८१ मध्ये तिथे त्याला मंजुरी मिळाली. म्हणजे ब्रॅडिकायनिन या औषधाच्या जन्मापासून त्याच्या सोबत आहे. तरी खोकल्याचा संबंध नीट ध्यानात यायला औषध बाजारात आल्यावर काही वर्षं जावी लागली, कारण खोकला कोणाला येत नाही?

तुमचा खोकला या वर्णनात बसतो का

या खोकल्याची ठेवण बरीचशी ठरलेली आहे. कोरडा, कफ नाही. घशात केस अडकल्यासारखी खवखव, मग उबळ. रात्री आडवं झाल्यावर जास्त. ताप नाही, वजन घटत नाही, दम लागत नाही. बेडका पडलाच तर खोकून खोकून आलेला, थोडासा, पांढरा.

गोळी सुरू झाली ती तारीख जुन्या चिठ्ठीवर शोधा आणि खोकला कधीचा आहे ते आठवा. पण इथे एक चकवा आहे. काहींना पहिल्या काही तासांतच खोकला लागतो, काहींना दोन-चार आठवड्यांनी, आणि काहींना कित्येक महिन्यांनी. “दोन वर्षं हीच गोळी घेतोय, आताच कसा येईल?” हा प्रश्न मी पुष्कळ ऐकलाय. उत्तर असं की येऊ शकतो. एखादी सर्दी होते, सर्दी जाते, खोकला मात्र मुक्काम ठोकतो. म्हणून तारखा जुळल्या तर संशय वाढवा, जुळल्या नाहीत तर संशय सोडू नका.

किती जणांना होतो? वेगवेगळ्या पाहण्यांत हा आकडा शंभरात ५ पासून ३५ पर्यंत आलेला आहे. पुरुषांपेक्षा बायकांना जास्त, आणि सिगारेट न ओढणाऱ्यांना ओढणाऱ्यांपेक्षा जास्त. ओढणारा खोकला तरी तो सिगारेटच्या खात्यावर जातो, असाही त्यात थोडा भाग असावा असं मला आपलं वाटतं. डोसचा संबंध फारसा नाही. अडीच मिलिग्रॅमनेही होतो, त्यामुळे गोळी अर्धी करून घेणं हा इलाज नाही. रामिप्रिल सोडून एनालाप्रिल घेण्यातही बहुधा अर्थ नसतो, कारण दोष त्या एका गोळीचा नसून गटाचा आहे.

बायकांच्या बाबतीत एक गोष्ट काउंटरवर कोणी मोठ्याने बोलत नाही. खोकल्याची उबळ आली की लघवीचे थेंब जातात. त्या भीतीने लग्नाला जाणं बंद, एसटीचा लांबचा प्रवास बंद, भजनाला बसणं बंद. डॉक्टरांना सांगायची लाज वाटते, म्हणून नुसतं “थोडा खोकला आहे” एवढंच सांगितलं जातं आणि डॉक्टर तो थोडाच धरतात. ही अडचण असेल तर स्पष्ट सांगा. खोकल्याने झोप मोडते, बरगड्या दुखतात, उलटी होते, हेही सांगा. गोळी बदलायची का, हे ठरवताना त्याला वजन असतं.

गोळीवर ढकलण्याआधी हे पाहा

हा टप्पा ओलांडून पुढे जाऊ नका. आपल्या देशात दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला म्हटलं की थुंकीची तपासणी करायची, हा सरकारी टीबी कार्यक्रमाचा नियम आहे, आणि तो बीपीवाल्यांनाही लागू आहे. ताप, विशेषतः संध्याकाळी चढणारा, रात्री घाम, वजनात घट, भूक मरणं, थुंकीत रक्त, घरात कोणाला टीबी झालेला असणं, किंवा सोबत मधुमेह असणं, यातलं काहीही असेल तर “गोळीचा असेल” म्हणून वाट पाहत बसायचं नाही. सरकारी दवाखान्यात ही तपासणी फुकट होते. गोव्यातल्या कंपनीचं ट्रूनॅट नावाचं छोटं यंत्र आता बऱ्याच सरकारी केंद्रांत असतं, त्यावर निकाल लवकर कळतो. माहितीसाठी निक्षय हेल्पलाइन आहे: १८००-११-६६६६.

दुसरं, हृदय. पंपिंग कमी असलेल्या माणसाला ‘प्रिल’ चालू आहे आणि त्याला खोकला लागलाय, तर दोष गोळीचाच असेल असं नाही. फुप्फुसांत पाणी साचू लागलं तरी खोकला येतो. आडवं झाल्यावर गुदमरणं, दोन-तीन उशा लागणं, पायांवर सूज, चार दिवसांत दोन किलो वजन वाढणं, जिना चढताना पूर्वीपेक्षा जास्त दम लागणं, ही त्याची चिन्हं. अशा वेळी गोळी बंद करणं म्हणजे आजार वाढवणं. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. गुलाबी फेसाळ थुंकी येत असेल तर थेट १०८ ला फोन.

बाकीची कारणं थोडक्यात: नाकातून घशात उतरणारा शेंबडा स्राव, दमा, छातीत जळजळ करणारं ॲसिड, विडी-सिगारेट, आणि वर्षानुवर्षं चुलीपुढे बसलेल्या बाईची धुराने खराब झालेली फुप्फुसं. एकाच माणसाला यातली दोन कारणं आणि वर गोळी, असंही असतं.

आणि एक प्रसंग थांबण्याचा नाहीच. ‘प्रिल’ घेणाऱ्याचे ओठ, जीभ, पापण्या किंवा चेहरा अचानक सुजला, आवाज घोगरा झाला, गिळता येईना, श्वास अडकू लागला, तर तो खोकला नव्हे. याला अँजिओएडिमा म्हणतात. क्वचित होतो, हजारात काही जणांना, पण घसा बंद होऊन जीव जाऊ शकतो. खाज आणि पित्ताच्या गांधी नसतात, म्हणून लोक दात दुखतोय, काहीतरी चावलं असेल, असं समजून थांबतात. थांबू नका, हॉस्पिटल गाठा. त्यानंतर त्या माणसाने आयुष्यात पुन्हा ‘प्रिल’ घ्यायची नाही. मधुमेहासाठी व्हिल्डाग्लिप्टिनसारखी ‘ग्लिप्टिन’ गोळी सोबत चालू असेल तर हा धोका थोडा वाढतो, म्हणून तीही डॉक्टरांच्या कानावर असू द्या.

गोळी परस्पर बंद करायची नाही

हे वाचून आज रात्रीचीच गोळी टाळावीशी वाटेल. नका करू. खोकला त्रासदायक आहे, पण चढलेलं बीपी काहीच त्रास न देता मेंदूच्या रक्तवाहिनीपर्यंत जातं. शिवाय डब्यातली कोणती गोळी कशाची याचा घोळ असतो. ‘प्रिल’ समजून एखादा ‘लोल’ अचानक बंद करतो, आणि ते तर फारच वाईट. त्याने छातीत दुखणं, धडधड उसळू शकते. हार्ट अटॅक होऊन गेलेल्याने किंवा पंपिंग कमी असलेल्याने तर या भानगडीत पडूच नये.

डॉक्टरांकडे जाताना सगळ्या स्ट्रिपा पिशवीत घालून न्या, रिकाम्या झालेल्यासुद्धा. वैद्यांचं चूर्ण, डोळ्यांचे थेंब, गुडघ्याची गोळी, सगळं त्यात हवं. मग एका दमात एवढं सांगा:

“डॉक्टर, ही रामिप्रिल मी दिवाळीपासून घेतोय. संक्रांतीपासून कोरडा खोकला आहे, रात्री जास्त, कफ नाही, ताप नाही, वजन तेवढंच आहे. खोकल्याची दोन औषधं झाली, फरक नाही. हा या गोळीचा असू शकतो का? तसं असेल तर दुसऱ्या गटातली गोळी देता येईल का?”

यात डॉक्टरांवर आरोप नाही, त्यांचं काम सोपं करणारी माहिती आहे. बऱ्याचदा खोकल्याचा डॉक्टर वेगळा आणि बीपीचा वेगळा असतो, आणि दोघांनाही अर्धंच चित्र दिसतं. फॅमिली डॉक्टर, नाक-कान-घशाचे डॉक्टर आणि हार्टचे डॉक्टर अशा तिघांच्या तीन फायली तुमच्याकडे असतील, तर ज्यांनी ‘प्रिल’ लिहिली त्यांच्याकडेच आधी जा. गाव लांब असेल तर फोन करा. बहुतेक वेळा फोनवरही काम होतं.

बदल होतो तो असा

बहुधा डॉक्टर ‘सार्टन’ गटातली गोळी देतात. ती विकराला हात लावत नाही. अँजिओटेन्सिन जिथे जाऊन बसतं ती जागाच अडवते. ब्रॅडिकायनिनचा निकाल लागत राहतो आणि खोकला राहत नाही. २००८ साली ऑनटार्गेट नावाच्या चाचणीचे निष्कर्ष आले. त्यात २५ हजारांवर रुग्ण होते. रामिप्रिल घेणाऱ्यांतल्या ४.२ टक्के लोकांनी खोकल्यापायी गोळी सोडली, टेल्मिसार्टन घेणाऱ्यांतल्या १.१ टक्के लोकांनी. सुरुवातीच्या चाचपणीतच ज्यांना गोळ्या सोसल्या नाहीत त्यांना आधीच वगळलं होतं, म्हणजे रोजच्या व्यवहारात खोकला त्याहून जास्त जणांना होतो. हृदयाचं रक्षण करण्यात टेल्मिसार्टन मागे पडलं नाही. दोन्ही एकत्र दिल्याने फायदा वाढला नाही, मूत्रपिंडाचा त्रास आणि बीपी घसरणं तेवढं वाढलं.

त्यातून घरी पाळायची एक गोष्ट निघते. नवी गोळी सुरू झाली की जुनी डब्यातून बाहेर काढायची. “संपवून टाकू, पैसे दिलेत” म्हणून दोन्ही चालू ठेवणारी माणसं मी पाहिली आहेत. न उघडलेल्या स्ट्रिपा दुकानदार अनेकदा बिलावर परत घेतो, विचारून पाहा.

मिलिग्रॅमची तुलना करू नका. ५ मिलिग्रॅम रामिप्रिलच्या जागी ४० मिलिग्रॅम टेल्मिसार्टन आलं की घरचे हादरतात, डोस आठपट झाला म्हणतात. तसं काही नसतं. प्रत्येक औषधाचं माप त्याच्यापुरतं असतं. ४० ला घाबरून अर्धी तोडून घेण्याचं कारण नाही.

टेल्मिसार्टनची गोळी दमट हवेत खराब होते. आठवड्याच्या खणांच्या डब्यात ती सुटी काढून ठेवू नका, खायच्या वेळीच स्ट्रिपमधून काढा. कोकणातल्या आणि गोव्यातल्या पावसाळ्यात तर नक्कीच. खणांचा डबा वापरायचाच असेल तर स्ट्रिप कात्रीने कापा आणि कप्प्यासकट तुकडा त्यात टाका.

पंपिंग कमी असलेल्यांना कधी सॅक्युबिट्रिल-व्हॅलसार्टन देतात. ‘प्रिल’ची शेवटची गोळी आणि याची पहिली, यांच्यात किमान ३६ तास जाऊ द्यावे लागतात, नाहीतर वर सांगितलेली चेहऱ्याची सूज येण्याचा धोका असतो. ३६ तास म्हणजे रविवारी रात्री ९ ची शेवटची, तर मंगळवारी सकाळी ९ च्या आधी नवी नाही. चिठ्ठीवर हे लिहिलेलं नसेल तर विचारा.

मूल होण्याचा विचार असलेल्या किंवा दिवस गेलेल्या बाईला ‘प्रिल’ चालत नाही, तसा ‘सार्टन’ही चालत नाही. बाळाच्या मूत्रपिंडांना धोका असतो. लवकर बीपी लागलेल्या मुली आता बऱ्याच दिसतात, त्यांनी हे डॉक्टरांना आपणहून सांगायला हवं. त्यांच्यासाठी वेगळ्या गोळ्या आहेत.

‘सार्टन’ सुरू झाल्यावर साधारण एक ते चार आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियमची रक्ततपासणी सांगतात. लोक ती टाळतात. टाळू नका, विशेषतः मूत्रपिंड थकलेलं असेल तर. ‘लो सोडियम’ म्हणून विकलं जाणारं मीठ हे बरंचसं पोटॅशियम क्लोराइड असतं, ते या गोळ्यांबरोबर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. मूत्रपिंड अधू असेल तर रोजचं शहाळंही विचारूनच.

वाट किती पाहायची

गोळी बंद केल्यावर बहुतेकांचा खोकला एक ते चार आठवड्यांत जातो. काहींना तीन महिनेही लागतात. चौथ्या दिवशी “काही फरक नाही, जुनीच बरी होती” म्हणून परत फिरू नका. शरीरातून गोळी लवकर जाते, पण हळवे झालेले मज्जातंतू शांत व्हायला वेळ घेतात. रोज रात्री किती वेळा जाग आली एवढंच कॅलेंडरवर टिपून ठेवा. खोकला एका दिवसात जात नाही, विरत जातो, आणि लिहिलेलं नसेल तर तो विरतोय हे कळत नाही.

याच काळात घरी बीपी मोजा, नवी गोळी पुरते का ते कळेल. दंडाला पट्टा बांधायचं यंत्र घ्या, मनगटाचं नको. लघवीला जाऊन या, पाच मिनिटं पाठ टेकून गप्प बसा, पाय जमिनीवर, हात टेबलावर हृदयाच्या उंचीला. चहा आणि तंबाखू त्याआधी अर्धा तास नाही. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा, सकाळी गोळीच्या आधी आणि रात्री. घरच्या मोजणीची सरासरी १३५/८५ च्या वर राहत असेल तर वही घेऊन डॉक्टरांकडे. खोकल्याची उबळ येऊन गेल्यावर लगेच मोजलेला आकडा धरू नका, तो चढाच येतो.

आणि तोवर खोकल्याचं काय करायचं? कोमट पाण्याचे घोट, उशाशी पाण्याचं भांडं, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, चमचाभर मध. मधुमेह असेल तर मधाचाही हिशोब ठेवा. लवंग चघळायला हरकत नाही. पण ज्येष्ठमध नको. आपल्याकडे खोकला म्हटलं की पहिला हात ज्येष्ठमधाकडे जातो, काड्या चघळतात, काढा उकळतात, वड्या चोखतात. त्यातलं ग्लायसिरायझिन शरीरात मीठ आणि पाणी धरून ठेवतं, पोटॅशियम उतरवतं आणि बीपी चढवतं. एखाद्या वेळेला चघळलं तर बिघडत नाही. रोज, आठवडेच्या आठवडे घेतलं तर गोळीच्या विरुद्ध दिशेने काम होतं. खोकल्याच्या पुष्कळ आयुर्वेदिक सिरपांत ते असतं, यष्टिमधु या नावाने. लेबल वाचा.

सर्दी-खोकल्याच्या ज्या गोळ्या-सिरपांत फिनाइलएफ्रिन किंवा स्यूडोएफेड्रिन असतं, तेही बीपी वाढवतात. खोकून बरगड्या दुखतात म्हणून डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन घेतलं तर बीपी चढतं आणि ‘सार्टन’बरोबर मूत्रपिंडावर ताण येतो. दुखत असेल तर पॅरासिटॅमॉलबद्दल डॉक्टरांना विचारा.

तीन महिने झाले तरी खोकला आहे

मग गोळी एकटी दोषी नव्हती, किंवा दोषी नव्हतीच. आठ आठवड्यांच्या वर चालणाऱ्या खोकल्याला डॉक्टर जुनाट खोकला म्हणतात आणि त्याची रीतसर तपासणी असते: छातीचा एक्स-रे, फुंकून करायची फुप्फुसाची चाचणी, नाकाची तपासणी, ॲसिडवर काही आठवडे उपचार करून पाहणं. छातीरोगतज्ज्ञांकडे जा आणि ‘प्रिल’ बंद केल्याची तारीख सांगा; त्यांना ती लागते.

उलटही होतं. खोकला अगदी किरकोळ असतो आणि ‘प्रिल’ चालू ठेवण्याचं कारण भक्कम असतं. हृदयाच्या काही रुग्णांना डॉक्टर समजावून तीच चालू ठेवायला सांगतात. खोकला सोसवतो की नाही हे तुम्ही सांगायचं, औषधाची गरज किती हे त्यांनी. क्वचित, काही महिन्यांनी पुन्हा तीच गोळी देऊन पाहिली तर खोकला परत येतही नाही, पण तो प्रयोग डॉक्टरांच्या देखरेखीखालचा.

खोकला गेला, आता कागद नीट करा

हे काम सगळ्यात कमी लोक करतात. फायलीच्या पहिल्या पानावर ठळक लिहा: “रामिप्रिल घेऊन कोरडा खोकला झाला. ‘प्रिल’ गटाची औषधं चालत नाहीत.” महिना आणि वर्ष घाला. त्याचा फोटो मुलाच्या आणि सुनेच्या मोबाइलमध्ये असू द्या, कारण ॲडमिशनच्या वेळी फॉर्म तेच भरतात. होतं असं की दोन-तीन वर्षांनी अँजिओप्लास्टी होते, डिस्चार्जच्या कागदावर नव्या डॉक्टरांनी नेमाने रामिप्रिल लिहिलेली असते, ब्रँड वेगळा असतो, कोणाला ओळखू येत नाही, आणि महिनाभराने पुन्हा बाटलीचा शोध सुरू. डिस्चार्जची यादी घेऊन दुकानात आलात की गोळ्या घेण्याआधी “यात प्रिल आहे का हो?” एवढं विचारा. तो सांगेल. आम्हाला सांगता येतं, विचारणारं कोणी नसतं.

औषधाच्या दुष्परिणामाची नोंद रुग्ण स्वतःही करू शकतो. त्यासाठी सरकारचा फार्माकोव्हिजिलन्स कार्यक्रम २०१० पासून चालू आहे. टोल फ्री क्रमांक १८००-१८०-३०२४. फोन करताना स्ट्रिप हातात ठेवा, बॅच नंबर विचारतात.